वाक्-संकेतन, अल्पविलंबी

मानवी वाणी कमीत कमी द्विमान अंकांत (बिटांत) आणि संभाषणात अडथळा येईल इतका विलंब न होऊ देता पाठविण्याच्या तंत्रास अल्पविलंबी वाक्-संकेतन म्हणतात.

दूरध्वनीच्या रूढ अंकीय पद्धतीत ध्वनितरंगाचे दर सेकंदास ८,००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडतात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट पाठवावे लागतात. तथापि घसा व मुख यांच्या पोकळीचा आकार सावकाश बदलत असल्याने वाणीचे लगतचे नमुने परस्परांशी निगडित असतात. मागील नमुन्यांना योग्य गुणकांनी गुणून केलेल्या बेरजेवरून पुढील नमुना अजमावता येतो. यास रेषीय पूर्वानुमान म्हणतात. असे केल्यास अनुमानातील त्रुटी तेवढी पाठविणे पुरते.

पूर्वानुमानी संकेतनाची उपपत्ती पीटर इलायस यांनी १९५५ मध्ये मांडली. वाणीसाठी रेषीय पूर्वानुमानाचा पाया जपानमध्ये फूमितादा इताकुरा व शूझो साइतो यांनी (१९६६) आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल व मानफ्रेट श्रोडर यांनी (१९६७) स्वतंत्रपणे घातला. अटल यांचा जन्म कानपूरचा असून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन केले होते. १९८५ मध्ये अटल व श्रोडर यांनी त्रुटीऐवजी १,०२४ मालिकांच्या संकेतकोशातील सर्वांत जुळत्या मालिकेचा क्रमांक पाठविण्याची पद्धत मांडली. तेव्हा एका सेकंदाच्या वाणीसाठी क्रे-१ महासंगणकास सु. १२५ सेकंद लागत.

या पद्धतींत गुणक काढण्यासाठी साधारणतः २० मिलिसेकंदांची वाणी आधी साठवावी लागे. विलंब वाढला की दूरध्वनी-जाळ्यातील प्रतिध्वनी बोलणाऱ्यास वेगळा ऐकू येऊन त्रास देतो. म्हणून आंतरराष्ट्रीय तार व दूरध्वनी सल्लागार समितीने १९८८ मध्ये सेकंदाला १६,००० बिटांच्या अल्पविलंबी मानकाचे काम हाती घेतले. जुइन-ह्वे चेन व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेली पद्धत १९९२ मध्ये ‘जी. ७२८’ या नावाने मान्य झाली. तीत गुणक पाठवीतच नाहीत. प्रेषक व ग्राही हे दोघेही आधीच उलगडलेल्या वाणीवरून ते काढतात. त्यामुळे केवळ ५ नमुने, म्हणजे ०·६२५ मिलिसेकंदांची वाणी साठवून त्यांसाठी १० बिट पाठविणे पुरते आणि संकेतनाचा एकदिश विलंब २ मिलिसेकंदांहून कमी राहतो.

या लाभासाठी प्रत्येक नमुन्याचे अनुमान मागील ५० नमुन्यांवरून करावे लागते व गणनकार्य वाढते. तसेच मार्गात बिट बिघडल्यास दोन्ही टोकांच्या गुणकांत काही काळ तफावत पडते. वाणीचा दर्जा, बिटांची काटकसर व विलंब यांपैकी एक साधताना दुसऱ्यास मुरड घालावी लागते, हे या इतिहासावरून दिसून येते.