सात, पाच आणि बारा

मोर्शीहून वर्धा नदी ओलांडली की आष्टी लागते आणि जिल्हा बदलतो. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला. त्यात महाराष्ट्रातला एकच जिल्हा होता, आणि तो आमच्या नदीपलीकडचा वर्धा. आमच्याकडे संत्र्याच्या बागेवर कर्ज काढायचे तर सात-बारा लागतो, भावाभावांची वाटणी करायची तरी तोच लागतो. पटवाऱ्याच्या दप्तराला वाळवी लागली तर निदान ती दिसते. हार्ड डिस्क मात्र आज चालते आणि उद्या सकाळी नुसता टकटक आवाज करते.

गंमत म्हणजे त्याच १९८८ साली अमेरिकेत या दुखण्यावर एक निबंध प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो जूनमध्ये शिकागोच्या परिषदेत मांडला. मोठ्या संगणकाची एक प्रचंड, महागडी डिस्क घेण्याऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या लहान, स्वस्त शंभर डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे. पण हिशेब आडवा आला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभरांपैकी कुठली तरी एक ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बिघडणार. म्हणून त्यांनी जादा डिस्क ठेवून त्यावर नुकसानभरपाईची माहिती साठवण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. याचे नाव रेड. आमच्याकडे हा शब्द ऐकला की लोकांना आधी धाड आठवते! नावातल्या एका अक्षराचा अर्थ मुळात 'स्वस्त' असा होता. कंपन्यांनी पुढे त्याचा 'स्वतंत्र' केला. त्यांच्या किमती पाहता ते प्रामाणिकपणाचेच झाले म्हणायचे.

भरपाई होते कशी? सर्वांत सोपा मार्ग आरशाचा. दोन डिस्कवर तंतोतंत तेच लिहायचे. ही युक्ती बर्कलेच्या आधीपासून होती. टँडेम कंपनी १९७०च्या दशकात बँकांसाठी तसे संगणक विकत होती. दुसरा मार्ग बेरजेचा. एका डिस्कवर ७ लिहिले, दुसरीवर ५, तर तिसरीवर १२ लिहून ठेवायचे. सातवाली गेली तर बारातून पाच वजा करा, सात परत मिळतो. यंत्र साधी बेरीज न करता शून्य आणि एकाची सम-विषम जुळणी करते, पण तत्त्व हेच.

आता ही बेरीज करायची कोणी? हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर हा सगळा वाद एवढ्यावरच आहे. १९९०च्या दशकात संगणकाचा मुख्य प्रोसेसर या कामाने दमून जाई, म्हणून वेगळे कार्ड बसवत; त्यावर स्वतःचा प्रोसेसर, बहुधा इंटेलचा आय-९६०, आणि स्वतःची मेमरी. सुरुवातीच्या निळ्या-काळ्या पडद्यावर डिस्क निवडून गट बांधला की विंडोजला किंवा लिनक्सला एकच डिस्क दिसते. सॉफ्टवेअरच्या पद्धतीत कार्ड नाही. हेच काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. विंडोज एनटीच्या सर्व्हर आवृत्तीत ती सोय १९९३ पासून होती, आणि लिनक्समध्ये नील ब्राऊन यांच्या एमडीॲडम या साधनाने २००१ नंतर ती सोपी झाली.

मी मोर्शीत पतसंस्था आणि दुकानांचे संगणक जुळवून देऊ लागलो, तेव्हा सगळा विचार भारनियमनाभोवती फिरे. समजा सातचा आठ झाला आणि बाराचे तेरा व्हायच्या आत वीज गेली. बेरीज चुकीची राहिली, आणि त्या दिवशी कोणाला काहीच कळत नाही. पुढे कधी पाचवाली डिस्क मेली की बारातून आठ वजा होऊन चार परत येतो, आणि एखाद्याच्या खात्यात तो मुकाट्याने बसतो. चांगल्या कार्डावर म्हणूनच बॅटरी असते. अर्धवट राहिलेले लिखाण ती मेमरीत जपते आणि वीज आली की पुरे करते. वऱ्हाडात हा गुण लाखमोलाचा. पण बॅटरीही दोन-चार वर्षांत म्हातारी होते, हे विकणारा सांगत नाही.

कार्डाची दुसरी बाजू मी एका पतसंस्थेत पाहिली. व्होल्टेज वाढून कार्ड जळाले. तिन्ही डिस्क ठणठणीत, पण वाचणार कोण? दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला त्यांची मांडणी कळेना. तेच मॉडेल बंद झालेले. नागपूरला सीताबर्डीत जुन्या मालातून तसले एक मिळेपर्यंत ठेवीदार पासबुके हातात घेऊन परत जात होते. लिनक्सने बांधलेला गट असता तर त्याच डिस्क दुसऱ्या साध्या संगणकाला लावून त्याच संध्याकाळी काम सुरू झाले असते. तेव्हापासून लहान कार्यालयाला मी एकच सल्ला देतो: दोन डिस्क, सॉफ्टवेअरचा आरसा, भक्कम यूपीएस. दोन्ही डिस्क एकाच खोक्यातल्या घेऊ नयेत, जुळ्यांची दुखणी एकदम येतात. सुरुवातीचा बूट लोडर दोन्हींवर टाकावा. आणि एक डिस्क काढून सर्व्हर उठतो का, हे पहिल्याच दिवशी बघावे. मदरबोर्डवर फुकट येणारे रेड मला पसंत नाही. बेरीज शेवटी मुख्य प्रोसेसरच करतो आणि मांडणी मात्र त्या बोर्डाची. पन्नास माणसे एकाच वेळी नोंदी करणार असतील तर बॅटरीचे कार्ड जरूर घ्यावे, सोबत तसलेच एक कपाटात ठेवावे.

आरशाला एक खोड आहे. तुम्ही चुकून नोंद पुसलीत तर तो दोन्हीकडे तितक्याच निष्ठेने पुसतो. आणि दोन्ही डिस्क एकाच पेटीत, एकाच छपराखाली असतात. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा कागदांच्या फायली राख झाल्या. आग डिस्क आणि कागद असा भेद करत नाही. त्या पतसंस्थेचा शिपाई मग दर शनिवारी आठवड्याची प्रत स्टीलच्या जेवणाच्या डब्यात घालून अमरावतीच्या एसटीत बसू लागला.