स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीला आणि दरवाजाला कोणते नॉब लावायचे? कमी खर्चात निवड करताना काय पाहाल?

स्वयंपाकघराचा कायापालट दाखवणारी रील तुम्हीही पाहिली असेल. जुन्याच कपाटांना रंगीत चिनी मातीचे किंवा पितळी नॉब लावले आणि ओटा एकदम नवा दिसू लागला. आयडिया चांगली आहे. फक्त त्या रीलमध्ये दोन गोष्टी दिसत नाहीत. एक म्हणजे तेलाच्या हातानं तो नॉब ओढताना काय होतं आणि दुसरी म्हणजे एकूण बिल किती झालं.

जऊळका हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव. अशा गावातून असं सामान आणायचं तर मालेगाव, वाशिम किंवा अकोल्याची बाजारपेठ, नाहीतर ऑनलाइन खरेदी. माप चुकलं की पुन्हा एक फेरी होते आणि सुताराची मजुरीही पुन्हा द्यावी लागते. त्यामुळे डिझाइनच्या आधी काय ठरवायचं, ते पाहूयात.

आधी मोजा, मग डिझाइन बघा

एका नॉबची किंमत किरकोळ वाटते, पण घरात असे किती लागतात ते मोजून बघा. समजा, ओट्याखाली ८ ट्रॉली आहेत, त्यातल्या ४ रुंद आहेत. वर ६ पल्ले आणि भांड्यांच्या कपाटाचे ४ पल्ले आहेत. रुंद ट्रॉलीला मधोमध एकच नॉब लावला तर भांड्यांच्या वजनानं ती तिरकी ओढली जाते, म्हणून तिथे दोन धरा. एकूण झाले २२ नॉब.

सगळे १२० रुपयांचे घेतले तर २,६४० रुपये होतात. पण दर्शनी कपाटाला ४ नक्षीदार आणि बाकी ठिकाणी ५० रुपयांचे १८ साधे घेतले, तर १,३८० रुपयांत काम होतं. म्हणजे जवळपास निम्म्यात. नजर जाते तिथे शोभेचा आणि दिवसातून वीस वेळा हात लागतो तिथे धुता येणारा, हा साधा हिशोब.

कोणतं मटेरियल कुठे?

चिनी माती : रंग टिकतो, पुसायला सोपं. उत्तर प्रदेशातलं खुर्जा आणि राजस्थानातलं जयपूर अशा वस्तूंसाठी प्रसिद्ध आहेत. मात्र स्क्रू जास्त आवळला किंवा पल्ला भिंतीवर आपटला तर तडा जातो. जयपूरची खरी ब्लू पॉटरी मातीची नसते, ती गारगोटीची पूड आणि काचेपासून बनते. 'जयपुरी' म्हणून विकला जाणारा प्रत्येक नॉब ब्लू पॉटरीचा नसतो.

पितळ : मुरादाबाद आणि अलीगढचं काम देशभर जातं. टिकाऊ, पण महाग. वर लॅकरचा थर असेल तर चिंच-लिंबानं घासू नका. थर निघाला की डाग पडायला लागतात.

स्टेनलेस स्टील : रोजच्या ट्रॉलीसाठी सगळ्यात बिनधास्त. ओल्या फडक्यानं पुसलं की झालं.

झिंक मिश्रधातू : बाजारातले बरेचसे सोनेरी, 'अँटिक' दिसणारे नॉब याचेच असतात. किंमत परवडते, पण मुलामा उडाला की खालचा करडा रंग दिसतो. ओट्याजवळ लावण्यापेक्षा बेडरूमच्या कपाटाला बरे.

प्लास्टिक : स्वस्त आणि हलकं. गॅसच्या शेगडीला लागून असलेल्या पल्ल्यावर नको. चिकटवायचे नॉबही वाफ, तेल आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात लवकर सुटतात.

पितळ म्हणून लोखंड विकतायत का, हे चुंबकानं कळतं. लोखंडाला चुंबक चिकटतं. पण चुंबक चिकटलं नाही म्हणजे पितळच, असंही नाही, कारण झिंकलाही ते चिकटत नाही. नॉबच्या मागच्या भोकाची कड बघा. आतून पिवळं दिसलं तर पितळ असण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्क्रूमध्ये

पल्ल्याची जाडी पट्टीनं मोजून घ्या. प्लायवूडचा पल्ला साधारण १८ मिलिमीटरचा असतो आणि नॉबसोबत बहुतेक वेळा २५ मिलिमीटरचा स्क्रू येतो. तो तिथे बसतो. जुन्या सागवानी दरवाजाची फळी ३० मिलिमीटरच्या पुढे असेल तर तोच स्क्रू आरपार जाणार नाही. उलट स्क्रू लांब झाला तर नॉब घट्ट बसत नाही, गरगर फिरतो. चिनी मातीच्या नॉबला मागून लांब बोल्ट आणि नट असतो. आत उरलेलं टोक कापून घ्या, नाहीतर ड्रॉवरमधून वस्तू काढताना हाताला लागतं.

आधीची हँडल काढून नॉब लावणार असाल तर हेही लक्षात ठेवा : हँडलला दोन भोकं असतात, नॉबला एकच. उरलेलं भोक बुजवावं लागतं आणि सनमायकावर ते उठून दिसतं. अशा वेळी दोन भोकांमधलं अंतर मोजून तेवढ्याच मापाचं नवं हँडल घेणं स्वस्त पडतं. ९६ आणि १२८ मिलिमीटर ही नेहमी मिळणारी मापं आहेत.

आजी-आजोबांच्या हाताला झेपेल का?

गोल, गुळगुळीत नॉब धरायला बोटांची चिमूट लागते. सांधेदुखी असलेल्यांना नेमकं तेच जमत नाही. त्यांच्या वापराच्या ट्रॉलीला चार बोटं आत जातील असं इंग्रजी 'डी' आकाराचं हँडल लावा. फिरवून उघडायचा गोल नॉब संडास-बाथरूमच्या दाराला टाळा. ओल्या हातानं तो फिरत नाही आणि आत अडकायची वेळ येते. तिथे खाली दाबायचं लिव्हर हँडल योग्य.

दुकानातच एक चाचणी करा. मूठ बंद ठेवून ते हँडल ओढता किंवा दाबता येतंय का? येत असेल तर घरातल्या कुणालाही ते वापरता येईल. लहान मुलं असतील तर त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टोकदार नक्षी नको.

खरेदी करताना

• आधी एकच नमुना आणा आणि आठवडाभर रोजच्या ट्रॉलीला लावून बघा.
• ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका. व्यास, स्क्रूची लांबी आणि सेटमध्ये किती नग आहेत ते वाचा.
• परताव्याचे नियम बघा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची आणि परताव्याची माहिती देणं बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
• दोन नग जास्तीचे घ्या. वर्षभरानं एखादा फुटला तर तेच डिझाइन मिळेलच असं नाही.
• भोकं पाडण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करा. खालच्या पल्ल्याला वरच्या कोपऱ्यात, वरच्या पल्ल्याला खालच्या कोपऱ्यात आणि बिजागरीच्या विरुद्ध बाजूला खूण करा. कोपऱ्यातल्या दोन ट्रॉली उघडताना नॉब एकमेकांवर आपटत नाहीत ना, तेही बघून घ्या.