इंजिन पाठीशी घेतलेली अवंती

चंद्रपूरहून मोहर्लीकडे जाताना सफारीच्या जिप्सी हमखास दिसतात. इंजिन समोर, गाडी जमिनीपासून चांगली उंच, गरज पडली की चारही चाकांना जोर. जंगलाच्या वाटेला अशीच गाडी हवी. याच्या नेमक्या उलट घडणीची एक गाडी याच महाराष्ट्रात, पुण्याला तयार होत होती. तिचं नाव अवंती. भारतात बनून विकल्या गेलेल्या पहिल्यावहिल्या स्पोर्ट्स कारपैकी ती एक, पण तिच्याबद्दल बोललं जातं ते बहुधा तिच्या दिसण्यावर.

दिलीप छाब्रिया कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या आर्ट सेंटरमध्ये मोटारींचं डिझाइन शिकले आणि 1993 मध्ये त्यांनी मुंबईत डीसी डिझाइन सुरू केलं. नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅन आणि आतून-बाहेरून पालटलेल्या गाड्या यांमुळे हे नाव सर्वतोमुखी झालं. पण तयार गाडीला नवं रूप देणं वेगळं आणि सांगाड्यापासून स्वतःची गाडी उभी करणं वेगळं. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत अवंती पहिल्यांदा लोकांसमोर आली. गिऱ्हाइकांच्या हाती ती पडायला 2015 उजाडलं. किंमत पस्तीस लाखांच्या आसपास.

खरी गंमत तिच्या आत आहे. इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे बसवलं की गाडीचं सगळ्यात जड अंग मधोमध येतं आणि वळणावर गाडी चटकन वळते. मात्र असं इंजिन आणि त्याला जुळणारा गिअरबॉक्स छोट्या कारखान्याने आणायचा कुठून? छाब्रियांनी रेनोचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन घेतलं, 250 अश्वशक्तीचं. रेनोच्या गाडीत ते पुढच्या बाजूला आडवं बसून पुढची चाकं फिरवतं. तोच जोड उचलून आसनांमागे नेला की मागची चाकं फिरू लागतात. ऐकायला सोपं वाटतं, पण गिअरच्या दांड्यापासूनच्या केबली मागे न्याव्या लागतात, रेडिएटरची सोय नव्याने लावावी लागते आणि बंदिस्त जागेत टर्बोची धग कोंडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. दुरुस्तीला हात घालायचा तर मिस्त्रीला जागा अपुरी पडते, ते निराळंच.

हीच वाट अमेरिकेत आधी एकाने चोखाळली होती. लॉस एंजलिसजवळच्या विल्मिंग्टनमध्ये जेराल्ड वीगर्ट यांनी व्हेक्टर डब्ल्यू-8 बांधली. सहा लिटरचं, दोन टर्बोंचं व्ही-8 इंजिन, 625 अश्वशक्ती, तेही आडवं आणि मधोमध. त्याला जोडलेला तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळचा ओल्ड्समोबिल टोरोनॅडोचा, म्हणजे पुढची चाकं फिरवणाऱ्या एका ऐसपैस प्रवासी गाडीचा! टेनिसपटू आंद्रे अगासीने एक डब्ल्यू-8 घेतली आणि बिघाडानंतर परत केली. 1993 पर्यंत गिऱ्हाइकांसाठी जेमतेम 17 गाड्या तयार झाल्या आणि कंपनी इंडोनेशियन मालकांकडे गेली. अमेरिकेतल्या बलाढ्य मोटार कंपनीलाही ही रचना पचायला वेळ लागला. शेवरलेने कॉर्व्हेटचं इंजिन मध्ये आणलं ते थेट 2020 च्या मॉडेलला.

अवंती त्या मानाने शहाणी गाडी होती. ताकद बेताची, गिअर हाताने टाकायचे सहा, आणि जमिनीपासूनची उंची सुमारे 170 मिलिमीटर. हा शेवटचा आकडा इटालियन गाड्यांच्या चाहत्याला हास्यास्पद वाटेल. पण आपल्याकडच्या गतिरोधकांवर पोट न घासता जाणारी स्पोर्ट्स कार बनवायची, एवढा विचार तरी तिच्या कर्त्याने केला होता. आतली जुळणी आणि गाडीची फिनिशिंग यांवर टीका झाली, ती रास्तच होती.

पुढे विक्री शंभर-सव्वाशेच्या घरात अडकली. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांची नोंदणी आणि कर्जं यांबाबतच्या फसवणुकीच्या आरोपावरून छाब्रियांना अटक केली आणि अवंतीची चर्चा गुन्हेवार्तेच्या पानावर गेली. आरोपांचा निवाडा न्यायालयाचा. पण त्या गदारोळात गाडीतलं अभियांत्रिकीचं काम झाकोळलं, याची हळहळ वाटते.

महाराष्ट्रात याआधीही असं झालं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 मध्ये मागे इंजिन असलेल्या छोट्या गाडीचा पहिला नमुना बनवला आणि पुढे पंचवीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ‘मीरा’ नावाची ती गाडी बाजारात आलीच नाही. अवंती निदान रस्त्यावर तरी आली.

‘बाजा’ स्पर्धेसाठी गाडी बांधणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांपुढे आजही अवंतीसारखाच, मागच्या इंजिनाच्या जुळणीचा प्रश्न असतो, कारण त्या गाड्यांतही इंजिन चालकाच्या मागेच बसतं. एखादी अवंती कवच काढून, सांगाडा उघडा ठेवून पुण्याच्या किंवा चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत उभी केली, तर केबली कुठून वळवल्या आणि धग कुठून बाहेर काढली, हे मुलांना हात लावून पाहता येईल.