नावात दडलेले अंक

कुंभकोणमच्या महामहम तलावाच्या काठी १६ दगडी मंडप आहेत. ते उभारण्याचे श्रेय तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांना दिले जाते. व्यंकटमखी हे त्यांचे पुत्र. सतराव्या शतकात त्यांनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा ग्रंथ रचला आणि सप्तकातील स्वरांपासून ७२ मेल कसे सिद्ध होतात, हे गणिताने दाखविले.

गणित पक्के होते. परंतु ७२ क्रमांक ध्यानात ठेवणार कोण? नुसता आकडा जिभेवर राहत नाही, आणि चुकला तरी चूक कळत नाही. गायकांच्या तोंडी होती ती शंकराभरण, कल्याणी, तोडी ही नावे. तेव्हा पुढील पिढ्यांनी नावातच आकडा गुंफला. युक्ती जुनीच, कटपयादि नावाची. क, ट, प, य या अक्षरांपासून प्रत्येक वेळी एक, दोन, तीन असे मोजीत जावे, ञ व न यांना शून्य मानावे आणि पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलट वाचावेत. शंकराभरणामागे ‘धीर’ लागले. ध म्हणजे ९, र म्हणजे २, उलट वाचता २९. कल्याणीमागे ‘मेच’ लागले. ५ आणि ६, म्हणजे ६५. दोहोंत अंतर ३६ चे. पहिल्या ३६ मेलांत मध्यम शुद्ध, पुढल्या ३६ मेलांत तो तीव्र. म्हणजे आपल्या बिलावल आणि कल्याण थाटांमधला भेद तो हाच. पंडित भातखंडे १९०४ मध्ये दक्षिणेत गेले आणि त्यांनी ही मेलपद्धती अभ्यासली.

या युक्तीने चूक पकडता येऊ लागली. नावातील अंक आणि लिहिलेले स्वर जुळले नाहीत, तर कोठे तरी हात घसरला हे निश्चित. एका परंपरेत ‘हनुमतोडी’, दुसरीत ‘जनतोडी’. तरी ह आणि ज दोन्ही ८, पुढे न शून्य, म्हणून स्थान ८ वेच. मात्र ‘चक्रवाक’ १६ वा ठरण्यासाठी ‘क्र’मधला क धरावा लागतो; जोडाक्षरातील शेवटचे व्यंजन धरण्याच्या नियमाने गेल्यास २६ येतात. अपवाद ठाऊक नसेल, तर खूणच वाट चुकविते.

आज यंत्रांच्या पोटात बसविलेल्या लहान संगणकांचीही हीच कथा आहे. त्यांच्या स्मृतीत केवळ अंक असतात. आज्ञावली लिहिणाऱ्याने दिलेल्या नावांची यादी बहुधा बाहेर, अभियंत्याच्या संगणकावर राहते. यंत्र अडले, की ते अमुक क्रमांकाच्या जागी थांबले एवढेच कळते; ती जागा कोणत्या कार्याची, हे यादी सांगते. पण यंत्रात आज्ञावली नवी आणि हाताशी यादी जुनी असेल, तर ती खात्रीने भलतेच नाव सांगते, आणि शोधणारा निर्दोष भागातच दोष शोधीत बसतो. म्हणून जाणता अभियंता दोष शोधण्याआधी यादी आणि आज्ञावली एकाच घडणीची आहेत ना, हे पाहतो. नाव आणि अंक यांची गाठ शाबूत असेल, तोवरच नावावर विसंबता येते.