परमुलखांतील चाकरी आणि म्हातारपणाची बेगमी

नांदेडजवळ गोदावरीच्या कांठीं विष्णुपुरी नांवाचें गांव आहे. १९८१ सालीं नांदेडास निघालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय आज येथेंच आहे. १९९४ त स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ येथें स्थापन झालें, आणि पुढें सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि येथेंच आलें. या संस्थांतून बाहेर पडणारे कांहीं तरुण परदेशाची वाट धरतात. पगार किती, हें ते बारकाईनें विचारतात. आजारीपणीं खर्च कोणाचा आणि साठीनंतर पैसा कोठून, हें विचारणारे थोडे. या प्रश्नाचा पूर्वेतिहास त्यांस ठाऊक असावा, असें आम्हांस वाटतें.

नांदेडकरांस परमुलूख ही वस्तु नवी नव्हे. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यांत होतें, आणि मुंबई-पुण्यास चाकरी करणें म्हणजे इंग्रजी मुलखांत जाणें होय. नाणेंहि निराळें, शंभर कलदार रुपयांस सुमारें एकशें सोळा हाली रुपये पडत. पुढें १९५६ सालीं हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले, तेव्हां जुन्या नोकरांच्या निवृत्तिवेतनाचा भार कोणीं सोसावा हें राज्यपुनर्रचनेच्या कायद्यासच सांगावें लागलें. सरहद्द हलली तरी म्हाताऱ्याचा पैसा बुडूं नये, हें तत्त्व त्यांत होतें. समुद्रापलीकडे राबणाऱ्यांच्या बाबतींत मात्र हें तत्त्व फार उशिरां मान्य झालें.

कामकऱ्यांच्या आजारविम्याचा कायदा बिस्मार्कनें जर्मनींत १८८३ सालीं केला, आणि १८८९ सालीं वृद्धवेतनाचा. इंग्लंडानें १९११ सालीं राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. त्या वेळीं इंग्रजी आगबोटींवर हिंदी खलाशी मोठ्या संख्येनें काम करीत. त्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील कोंकणी माणसेंहि असत. कायद्यानें त्यांचें काय केलें? जहाजाच्या मालकानें अशा खलाशांबद्दलहि वर्गणी भरावी, असें ठरलें; नाहींतर स्वस्त परदेशी खलाशी ठेवण्याचा मोह मालकास व्हावयाचा. परंतु खलाशास त्या वर्गणीचा लाभ नव्हता. ती रक्कम लस्कर फंड नांवाच्या निराळ्या निधींत जाई, आणि तींतून इंग्रज खलाशांस वृद्धवेतन मिळे. खलाशी कोंकणचा, घाम त्याचा, आणि म्हातारपण सुधारे लिव्हरपुलच्या खलाशाचें! याला अन्याय म्हणावयास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

याच्या उलट उदाहरण मॉरिशसचें. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून करारबंद मजूर म्हणून तेथें गेलेल्या मराठी कुटुंबांपैकीं जीं तेथेंच राहिलीं, त्यांच्या वंशजांपैकीं गरजू वृद्धांस १९५० पासून वर्गणी न भरतां वृद्धवेतन मिळूं लागलें. १९५८ त तें सर्व वृद्धांस लागू झालें. जो राहिला त्यास मिळालें. ज्याला घरीं परतावयाचें आहे, त्याचाच प्रश्न अवघड राहिला.

आखाती देशांत तर वृद्धवेतनाची योजना मुख्यतः तेथील नागरिकांपुरतीच आहे. परक्या नोकरास नोकरी सुटतांना एकरकमी बक्षिसी मिळते. संयुक्त अरब अमिरातींत पहिल्या पांच वर्षांस दरसाल एकवीस दिवसांचें मूळ वेतन व पुढें तीस दिवसांचें, असा तिचा हिशेब आहे. आपल्या सरकारनें २००३ सालीं प्रवासी भारतीय विमा योजना काढली. तींत मृत्यु वा कायमचें अपंगत्व आल्यास मिळणारी रक्कम आतां दहा लक्ष रुपये आहे. २०१२ सालीं महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना निघाली. मजुरानें वर्षास हजार ते बारा हजार रुपये पेन्शनखातीं टाकावे आणि सरकारनें त्यांत हजाराची भर घालावी, स्त्रियांस आणखी एक हजार, अशी ती होती. लोक फारसे आले नाहींत आणि २०१७ त ती बंद झाली. ज्याच्या डोक्यावर परदेशीं जाण्यासाठीं काढलेलें कर्ज आहे, तो साठीचा विचार कसा करणार?

खरा फरक पडला तो देशादेशांतील करारांनीं. पहिला करार बेल्जमशीं २००६ सालीं झाला आणि १ सप्टेंबर २००९ पासून अमलांत आला. जर्मनीशीं झालेला सर्वांगीण करार १ मे २०१७ पासून. जर्मनींत वृद्धवेतनाचा हक्क लागण्यास निदान पांच वर्षांची वर्गणी लागते. आतां पुण्यांत भविष्यनिर्वाह निधीखालीं दोन वर्षें आणि श्टुटगार्टांत तीन वर्षें काढलेल्याचीं पांच पुरीं होतात. मात्र जर्मनी पैसा देते तो आपल्याकडील तीन वर्षांपुरताच. अमेरिकेशीं असा करार अद्याप नाहीं. तेथें हक्कास सुमारें दहा वर्षांची नोकरी लागते, आणि एच-वन-बी परवान्याची साधारण मुदत सहा वर्षांची; ती संपून परत आलेल्याची वर्गणी तेथेंच राहते. इंग्लंडचें वृद्धवेतन हिंदुस्थानांत राहून घेतां येतें, परंतु तें गोठलेलें असतें; तेथील वृद्धांस दरसाल मिळणारी वाढ येथें मिळत नाहीं. लस्कर फंडाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

आजाराच्या विम्यास तर सरहद्द ओलांडतां येतच नाहीं, म्हटलें तरी चालेल. जर्मनींत ठरावीक मर्यादेहून अधिक पगार असल्यास सरकारी विमा सोडून खासगी विमा घेण्याची मुभा आहे, आणि तरुणास तो स्वस्तहि पडतो. पण पंचावन्न वर्षांनंतर परत सरकारी विम्यांत येण्याचें दार बहुधा बंद होतें. आखातांत विमा मालकाच्या नोकरीबरोबर संपतो. गांवीं परतून नवा विमा घ्यावा, तर पूर्वींपासून असलेल्या रोगांसाठीं कंपनी छत्तीस महिनेपर्यंत थांबवूं शकते. २०२४ पूर्वीं ही मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांची होती. म्हणून कित्येक शहाणे लोक परदेशीं असतांनाच येथील एक विमा चालूं ठेवतात. हप्ता दोन्हीकडे भरावा लागतो, परंतु परत येईपर्यंत ही थांबण्याची मुदत सरलेली असते.