आमवात आणि मानेचे दोन मणके

आमवाताने वर्षानुवर्षे गांजलेल्या माणसाच्या समाचाराला आपण जातो तेव्हा आपली दृष्टी प्रथम त्याच्या हातांवर स्थिरावते. करंगळीच्या बाजूला कललेली बोटे, सुजलेली मनगटे आणि चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून ओठांपर्यंत नेण्याची त्याची धडपड पाहिली म्हणजे या व्याधीचे सारे स्वरूप आपल्याला उमगले असे वाटते. वैद्यकशास्त्राचेही दीर्घकाळ असेच झाले. हातापायांच्या सांध्यांची दप्तरे त्याने बारकाईने लिहून ठेवली. परंतु हाच रोग मानेत शिरून मज्जारज्जूवर घाला घालतो, हे नीट ओळखून त्यावर इलाज योजण्यास त्याला फार वर्षे लागली.

आपल्याकडे सातव्या-आठव्या शतकातील माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताला स्वतंत्र अध्याय दिला आणि हात, पाय, शिर, घोटे, त्रिकस्थान, गुडघे व मांड्या यांच्या सांध्यांना येणारी सूज आणि विंचवाच्या दंशासारखी वेदना वर्णिली. त्याचा आमवात आणि आजच्या शास्त्राचा आमवात तंतोतंत एकच, असा दावा करता येणार नाही. तथापि सांधे धरणाऱ्या व्याधींतून एक निराळी व्याधी वेगळी काढण्याची दृष्टी त्यात निःसंशय आहे. युरोपात हे काम पुष्कळ उशिरा झाले. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातील लांद्रे-बोव्हे या तरुण वैद्याने १८०० साली आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांच्या दुखण्याचे वर्णन केले. पण त्याला तो गाऊटचाच एक प्रकार वाटला. १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव मुक्रर केले, आणि त्यांचे पुत्र आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ५०० रुग्णांपैकी १७८ जणांची मान या रोगाने धरलेली आढळल्याची नोंद केली. म्हणजे दर तीन रुग्णांमागे एकाहून अधिकाची मान बाधित असल्याचा लेखी दाखला क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वीच उपलब्ध होता.

मानच का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. आमवात सांध्याच्या आतील मऊ अस्तराला धरतो. ते अस्तर सुजते, वाढते आणि शेजारचे हाड व बंध कुरतडू लागते. मस्तकाचा भार वाहणारा पहिला मणका कड्यासारखा असून दुसऱ्या मणक्याचा दातासारखा वर आलेला सुळका त्या कड्यात उभा असतो, आणि मागून एक आडवा बंध त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. आपण मान हलवून नकार देतो तो मुख्यतः या जोडीच्या बळावर. सुळक्याच्या पुढेमागे असलेल्या सांध्यांत तेच अस्तर असल्यामुळे रोग तेथे पोचला की बंध सैल पडतो, मान खाली घालताच पहिला मणका पुढे सरकतो आणि सुळक्याच्या मागून जाणारा मज्जारज्जू चिमटीत सापडतो. पाठीचे व कमरेचे मणके मात्र हा रोग बहुधा सोडून देतो. तेथून वर चढत सारा कणा ताठ करणारी व्याधी निराळी. तीही बराच काळ आमवाताच्याच खात्यावर मांडली जात होती आणि अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मंडळाने तिला अधिकृतपणे वेगळे केले ते १९६३ साली.

या घोटाळ्याहून गंभीर होती ती रुग्णाच्या कैफियतीकडे झालेली डोळेझाक. ‘मान वाकवली की पाठीतून विजेसारखी कळ जाते’, ‘डोके पुढे गळून पडेलसे वाटते’, ‘पोलक्याची बटणे लावता येत नाहीत’, असे रुग्ण सांगे. आणि हात आधीच वाकडे असल्यामुळे सारा दोष बोटांच्या सांध्यांवर टाकला जाई. १९५१ साली डेव्हिस आणि मार्कले यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेवर दाब येऊन दगावलेल्या आमवाताच्या रुग्णाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा हे दुखणे प्राणावर बेतते याची स्पष्ट जाणीव झाली. पुढे इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून न्यूयॉर्कला गेलेले अस्थिशल्यविशारद चित्तरंजन राणावत यांनी १९७९ साली अशा रुग्णांच्या पायऱ्या ठरवल्या: मज्जारज्जूला बाधा नसलेले, अशक्तपणा व मुंग्या जाणवू लागलेले, उघड दुर्बलता असूनही चालू शकणारे, आणि चालणेच थांबलेले. त्यांची वर्गवारी आजही जगभर वापरली जाते.

उपायाच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. टोरंटोच्या गॅली यांनी १९३९ साली दोन मणके तारेने बांधून त्यांवर हाडाचे कलम बसवण्याची रीत सांगितली होती. पण तारेची पकड नेहमीच पुरेशी ठरत नसे. ज्या परळच्या महाविद्यालयात व रुग्णालयात १९२६ पासून भारतीय अध्यापकच नेमावेत अशी देणगीदारांची अट होती, त्याच केईएम रुग्णालयातील अतुल गोएल आणि त्यांचे सहकारी लाहेरी यांनी १९९४ साली निराळी पद्धत प्रसिद्ध केली: पहिल्या व दुसऱ्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या भरीव भागांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडावयाचे. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळया वापरल्या, आणि आज शल्यविशारद या पद्धतीचा उल्लेख दोघांच्या नावांनी करतात.

औषधांनीही पुढे मोठी मजल मारली. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत तयार झालेल्या औषधांच्या कुळातील एक औषध १९५१ साली आमवातावर प्रथम योजले गेले, आणि त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट १९८० नंतर या रोगाचा मुख्य आधार बनले. रोग वेळीच आटोक्यात ठेवल्यामुळे मानेपर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण घटले आहे. परंतु ज्यांचा आमवात जुना आहे, किंवा ज्यांना औषध उशिरा मिळाले, त्यांचा धोका टळलेला नाही. गुडघा बदलण्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर निजलेल्या अशा रुग्णाची मान भूल देताना मागे ओढली गेली, तर मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आपल्या घरात आमवाताचे जुने दुखणे असेल, तर कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगावे, मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन असे दोन्ही क्ष-किरण फोटो काढून घ्यावेत की नाही हे डॉक्टरांना विचारावे, आणि बटण लावता येत नाही अशी तक्रार कानावर आली तर बोटांबरोबर मानेचीही तपासणी करवून घ्यावी.