चेपु कुठं गेलं?

पत्राच्या माथ्यावर ‘सा. न. वि. वि.’ आणि तळाला ‘ता. क.’ लिहिण्यात हयात घालवलेल्या मराठी माणसाला फेसबुकचं ‘फेबु’ करायला कितीसा वेळ लागणार? मग कुणी ‘चेहरापुस्तक’ काढलं, त्याचं ‘चेपु’ झालं. चेहऱ्यापेक्षा थोबाड बरं वाटणाऱ्यांनी ‘थोपु’ केलं. यूट्यूबची ‘तूनळी’ झाली. हे शब्द खेळवले ते मराठी संकेतस्थळांवरच्या मंडळींनी. 1996पासूनची मायबोली आणि नंतरचं मिसळपाव यांची नावंही त्यांनी सोडली नाहीत. ती ‘माबो’ आणि ‘मिपा’ झाली.

या घराण्यातला सगळ्यात देखणा शब्द म्हणजे ‘कायप्पा’. 2009 साली आलेलं व्हॉट्सॲप हे नावच मुळात ‘काय चाललंय?’ या अर्थाच्या इंग्रजी विचारपुशीवरची कोटी. मराठीनं कोटीची परतफेड कोटीनं केली: ‘व्हॉट’चं काय, ‘ॲप’चा अप्पा. ऐकताना वाटतं, कुणी ओट्यावरून हाकच मारतंय, ‘काय अप्पा!’

पण हा शब्द महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या आदिलाबादच्या कापूस बाजारात वापरून पाहा. पैनगंगेच्या या काठावर एकाच गाडीभोवती मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी ऐकू येते. कोटी कळायला समोरच्यालाही तीच भाषा यावी लागते, आणि हिशेबाच्या पट्टीचा फोटो मागणाऱ्याला तेवढी सवड नसते. ‘वाट्सपवर टाक न भाऊ’ म्हटलं की चौघांनाही कळतं. कायप्पा, चेपु, थोपु हे लिहिण्या-वाचण्यातले शब्द. कीबोर्डावर जन्मले आणि बहुतेक तिथेच राहिले.

इन्स्टाचं तसं झालं नाही. 2010च्या इन्स्टाग्रामचं नाव ‘इन्स्टंट कॅमेरा’ आणि ‘टेलिग्राम’ यांच्या जोडणीतून आलेलं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचं कधी ‘इन्स्टा’, कधी ‘आयजी’, कधी नुसतं ‘ग्रॅम’ केलं. आपण उचललं ते इन्स्टा. तारेचा तुकडा गळाला. (आपल्याकडची तारसेवाही जुलै 2013मध्ये बंदच झाली.)

सीमेवर हेच रूप का रुजलं, याबद्दल माझा एक कयास आहे. व्यंजनावर संपणारा उसना शब्द तेलुगू तोंडात गेला की त्याला बहुधा ‘उ’ चिकटतो: बसची बस्सु, कारची कारु. ‘इन्स्टा’ आधीच ‘आ’वर संपतो, त्याला शेपूट लागत नाही. मराठीतही तो मोडावा लागत नाही. नदीपलीकडे यवतमाळकडचा पोरगा ‘इन्स्टावर’ म्हणतो, अलीकडचा तेलुगू मित्र ‘इन्स्टालो’. प्रत्यय ज्याचा त्याचा, शब्द दोघांचा.

कंपन्यांनाही छाटण्याची हौस आहेच. फेसबुकनं 2005मध्ये नावापुढचा ‘द’ टाकला, ते खपलं. ट्विटरनं मात्र जुलै 2023मध्ये स्वतःला एका अक्षरावर आणलं. आता मराठी बातमीदाराला दर वेळी लिहावं लागतं, ‘एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर’.